डेस्कटॉपही सीमध्येच असतो: घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ घेताना

"सीमध्ये काही नाही ना, काका?" दुकानातल्या मुलानं विचारलं. बाबा अगदी खात्रीनं म्हणाले, "नाही नाही, सगळं डेस्कटॉपवर आहे." त्यानं मान हलवली, कॉम्प्युटर आत नेला आणि संध्याकाळी नवी विंडोज टाकून परत दिला. ताईच्या लग्नाचे फोटो, बाबांच्या नोकरीचे स्कॅन केलेले कागद आणि आजीच्या आवाजातल्या ओव्यांचं रेकॉर्डिंग ज्या डेस्कटॉपवर होतं, तो पूर्ण मोकळा झाला होता. पुढे रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं काही फोटो परत मिळाले. ओव्या मिळाल्या नाहीत.

मुलाचा प्रश्न बरोबर होता आणि बाबांचं उत्तरही त्यांच्या समजुतीप्रमाणे खरं होतं. सी म्हणजे डिस्कचा तो भाग, ज्यात विंडोज असते; कोरी विंडोज टाकताना तोच पुसला जातो. डेस्कटॉप सीमध्येच असतो, एवढं मात्र त्या दोघांत कुणी बोललं नाही. तेव्हापासून नात्यातल्या कुणालाही विंडोज बदलायची असली, की मी स्वतः जाऊन बसतो. गेल्या एप्रिलमध्ये नागपूरच्या महाल भागात मावशीकडे असाच एक अख्खा रविवार गेला. त्या दिवशी जे जे करावं लागलं ते इथे सांगतो, कारण बहुतेक घरांत थोड्याफार फरकानं तेच करावं लागतं.

आधी फाइली नेमक्या कुठे असतात ते पाहू. स्क्रीनवर वॉलपेपरच्या वर दिसणारी प्रत्येक फाइल सी ड्राइव्हमधल्या 'युजर्स' नावाच्या फोल्डरात असते. त्यात तुमच्या नावाचं फोल्डर असतं आणि त्याच्या पोटात 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स', 'डाउनलोड्स', 'पिक्चर्स' अशी फोल्डरं. व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेलं लाइटबिल, मुलाची मार्कशीट, बँकेचं स्टेटमेंट हे सगळं बहुधा डाउनलोड्समध्ये पडलेलं असतं, म्हणजे सीमध्येच.

दुसरा गैरसमज डी ड्राइव्हचा. "माझं सगळं डीमध्ये आहे, सेफ आहे," असं लोक फार विश्वासानं सांगतात. पण बहुतेक घरच्या कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. वाड्यात मधे भिंत घालून दोन खोल्या केल्या तरी छप्पर एकच राहतं, तसं. फक्त सी फॉरमॅट केली तर डी वाचते, हे खरं. पण डिस्कच बिघडली, किंवा बसवणाऱ्यानं चुकून सगळे भाग पुसले, तर दोन्ही खोल्या एकदमच जातात.

आता शब्दांचा घोळ सोडवू, कारण अर्धं नुकसान इथेच होतं. अपग्रेड म्हणजे चालू विंडोजच्या जागी पुढची विंडोज बसवणं. त्यात फाइली, प्रोग्राम, फाँट, प्रिंटर सगळं जागच्या जागी राहतं. क्लीन इन्स्टॉल म्हणजे जुनं काढून कोरी विंडोज टाकणं. आपल्याकडे याला सरसकट 'फॉरमॅट मारणं' म्हणतात. दुकानदाराला फॉरमॅट सोयीचं पडतं: वेळ कमी, जुन्या कटकटी साफ, मशीन पळायला लागते. त्याच्या बाजूनं ते चूक नाही. पण तुम्ही "विंडोज नवीन टाकून द्या" एवढंच म्हणालात, तर तो फॉरमॅटच करणार. तुम्हाला अपग्रेड हवं असेल तर तो शब्द तुम्हीच उच्चारायला हवा.

हे सगळं आत्ताच करायचं कारण म्हणजे तारीख उलटून गेली आहे. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडले नाहीत आणि पडणारही नाहीत. फक्त सुरक्षेत नवी फट सापडली तर ती बुजवणारं अपडेट आता नेहमीच्या वाटेनं येत नाही. ज्या मशीनवरून आपण नेट बँकिंग करतो, आयकराचं विवरण भरतो, ती अशी उघडी ठेवणं मला पटत नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरून त्यासाठी नाव नोंदवता येतं. परीक्षा, लग्नकार्य असं काही तोंडावर असेल तर आधी ते करून घ्या आणि अपग्रेड सवडीनं करा. मूळ विंडोज १० रीतसर लायसनची असेल तर विंडोज ११ चे पैसे पडत नाहीत.

मात्र विंडोज ११ प्रत्येक मशीनवर बसत नाही. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क हे सहसा सगळ्यांकडे असतं. गाडी अडते ती प्रोसेसर, टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) या तीन ठिकाणी. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिकेपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचंच 'पीसी हेल्थ चेक' नावाचं छोटं अ‍ॅप आहे. ते चालवलं की कुठे अडतंय ते सांगतं.

मावशीकडचा कॉम्प्युटर २०१९ मध्ये असेंबल करून घेतलेला. आठव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क. अ‍ॅपनं लाल फुल्या दाखवल्या: टीपीएम नाही, सिक्युअर बूट नाही. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, म्हणाले, "म्हणजे नवीनच घ्यावा लागते का?" इथेच पुष्कळ लोक नवा कॉम्प्युटर घ्यायला निघतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कारण त्या काळच्या मदरबोर्डात टीपीएम असतो, फक्त बंद ठेवलेला असतो. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, इंटेलच्या बोर्डवर तो 'पीटीटी' या नावानं सापडतो, एएमडीच्या बोर्डवर 'एफटीपीएम' या नावानं. चालू केला की झालं.

सिक्युअर बूटचं प्रकरण थोडं नाजूक आहे. असेंबल करणाऱ्यानं त्या वेळी विंडोज जुन्या 'लेगसी' पद्धतीनं टाकली होती, आणि डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची होती. सिक्युअर बूटला यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करायची नवी पद्धत, लागते आणि त्यासाठी मांडणी जीपीटी प्रकारची हवी. मांडणी बदलणारं 'एमबीआर-टू-जीपीटी' नावाचं साधन विंडोजमध्येच असतं. ते फाइली पुसत नाही, आणि बदल करण्याआधी नुसती तपासणी करून 'होईल की नाही' हेही सांगतं. डिस्कवर तीनपेक्षा जास्त मुख्य भाग असतील तर ते नकार देतं. काकांकडे सी, डी आणि विंडोजचा राखीव छोटा भाग असे तीनच होते, म्हणून जमलं. पण डिस्कच्या मांडणीलाच हात लावायचा असल्यानं कॉपी काढल्याशिवाय या पायरीवर कुणी पाय ठेवू नये. आणि मांडणी बदलल्यावर बायॉसमध्ये लेगसीऐवजी यूईएफआय निवडावं लागतं, नाही तर मशीन सुरूच होत नाही आणि घरात हलकल्लोळ माजतो. हे हातानं करायची सवय नसेल तर एवढ्या कामासाठी जाणकार माणूस बोलवा.

आता कॉपी. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव या एका गोष्टीत आहे, बाकी नुसती बटणं दाबणं आहे.

कॉपी वेगळ्या डिस्कवर हवी. बाहेरून यूएसबीनं लावायची हार्ड डिस्क सगळ्यांत बरी. पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका; तो हरवतो, शिवाय एफएटी३२ प्रकारचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल, म्हणजे लग्नाचा लांबलचक व्हिडिओ, त्यावर जातच नाही. वनड्राइव्ह किंवा गुगलची जागा जोडीला चालते, पण फुकटात पहिल्यात ५ जीबी आणि दुसऱ्यात १५ जीबीच मिळते. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक केलेल्या फोल्डरातून इकडे फाइल उडवली की तिकडूनही ती कचरापेटीत जाते.

काय कॉपी करायचं याचा फार विचार करत बसू नका. सी ड्राइव्हमधलं अख्खं 'युजर्स' फोल्डर घ्या, अख्खी डी घ्या. सीवर थेट बनवलेली तुमची फोल्डरं असतील तर तीही. घरात टॅलीवर हिशेब असेल तर त्याचा डेटा अनेकदा 'युजर्स'मधल्या 'पब्लिक' फोल्डरात असतो. आपल्या नावाचं फोल्डर तेवढं उचललं तर तो मागे राहतो. आउटलुकमध्ये ईमेल असतील तर त्यांची फाइल डॉक्युमेंट्समध्ये पाहा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड त्या ब्राउझरच्या खात्यात सिंक झालेत का, तेही तपासा.

कॉपी झाल्यावर मूळ फोल्डरवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि फाइलींची संख्या कागदावर लिहा. मग तेच कॉपीवर करा. काकांच्या डॉक्युमेंट्समध्ये ३,४१२ फाइली होत्या. डिस्कवर आल्या ३,४०९. तीन फाइलींची नावं आणि फोल्डरांची साखळी इतकी लांब होती, की त्या वाटेतच गळल्या होत्या. नावं छोटी केली, पुन्हा कॉपी केली, आकडा जुळला.

यापुढचा भाग मात्र मलाही नवा होता. कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायची, हा माझा नियम आहे. डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली आणि काकांनी गेली पंधरा वर्षं जमवलेली घराण्याची वंशावळ उघडली. स्क्रीनवर मराठीचा एक शब्द नाही. 'मराठी' हा शब्द जिथे असायला हवा तिथे छोटा ई, जे, के, मोठा बी आणि छोटा एच अशी इंग्रजी अक्षरं ओळीनं उभी. मावशीचा चेहरा उतरला. "सगळं उडून गेलं का रे?"

काहीच उडालं नव्हतं. काकांनी ते सगळं कृतिदेवमध्ये टाइप केलं होतं. आपल्याकडे विदर्भात अर्ज, ठराव, पत्रिका वर्षानुवर्षं त्याच फाँटमध्ये टाइप झाल्या आहेत. युनिकोडमध्ये 'म' या अक्षराला स्वतःचा असा कायमचा क्रमांक असतो, म्हणून ते कुठल्याही मशीनवर 'म'च दिसतं. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये तसं नाही. फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. फाँट फक्त छोट्या 'ई'च्या जागी 'म'चं चित्र काढून दाखवतो. माझ्या लॅपटॉपमध्ये तो फाँट नव्हता, म्हणून मुखवटा उतरला आणि आतली अक्षरं दिसली.

काकांच्या मशीनवर सी ड्राइव्हमधल्या 'विंडोज' फोल्डरात 'फाँट्स' नावाचं फोल्डर आहे. तिथून तो फाँट उचलला, माझ्या लॅपटॉपवर इन्स्टॉल केला आणि वंशावळ पुन्हा उघडली. पहिल्या ओळीत काकांच्या खापरपणजोबांचं नाव होतं. मावशीनं ते मोठ्यानं वाचलं.

अपग्रेडमध्ये हे फाँट जागेवर राहतात. पण फॉरमॅट झालं किंवा कधी मशीनच बदलली तर फाइल जशीच्या तशी असूनही वाचता येणार नाही. म्हणून घरात जुनं मराठी टायपिंग असेल तर फाँट्सचं फोल्डर कॉपीत घ्याच. काही जुन्या मराठी सॉफ्टवेअरला यूएसबीचं डाँगल (पेनड्राइव्हसारखी किल्ली) लागतं. त्याची इन्स्टॉलची सीडी आणि डाँगल घरात आहे ना, तेही पाहून ठेवा. सवड मिळाली की या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार यांत ती चुकतात, म्हणून मूळ फाइल टाकून देऊ नका.

लॅपटॉपवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ही फार महत्त्वाची आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असते, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावानं. मालकाला ते माहीतही नसतं. बायॉसमध्ये काही बदललं की पुढच्या वेळी ते ४८ अंकांची रिकव्हरी की (त्या कुलपाची किल्ली) मागतं, आणि ती नसेल तर आतल्या फाइली कुणालाही काढता येत नाहीत, दुकानदारालाही नाही आणि मायक्रोसॉफ्टलाही नाही. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. अपग्रेडच्या आधीच तिथे बघून कागदावर लिहा, आणि काम होईपर्यंत बिटलॉकर तात्पुरतं थांबवून ठेवा.

प्रत्यक्ष अपग्रेड त्यामानानं सरळ आहे. विंडोज अपडेटच्या पानावर विंडोज ११ ची सूचना दिसत असेल तर तिथूनच करा. नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'इन्स्टॉलेशन असिस्टंट' घ्या. तिसरी वाट आयएसओ फाइलची, म्हणजे अख्खी विंडोज एकाच फाइलीत: ती उतरवायची, चालू विंडोजमध्येच उघडायची आणि 'सेटअप' चालवायचं. चालू विंडोजमध्येच, हे मुद्दाम सांगतो. तीच आयएसओ पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू केली तर फाइली आणि प्रोग्राम राखायचा पर्यायच मिळत नाही, फक्त कोरी विंडोज बसते.

आयएसओच्या वाटेनं गेलात तर शेवटच्या आधी एक खिडकी येते: काय ठेवायचं? 'कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स', 'कीप पर्सनल फाइल्स ओन्ली' आणि 'नथिंग'. पहिल्यावर टिंब हवं. पहिला पर्याय पुसट असेल आणि दाबताच येत नसेल, तर पुढे जाऊ नका. बहुतेकदा आयएसओची भाषा जुळत नसते; मशीनवर 'इंग्लिश इंटरनॅशनल' असेल आणि तुम्ही अमेरिकन इंग्लिश उतरवली असेल तर असं होतं. जुळणारी उतरवा, पर्याय जिवंत होतो. जुनी विंडोज ३२ बिट असेल तर मात्र इलाज नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, तिथे कॉपी काढून कोरी विंडोजच टाकावी लागते.

सीमध्ये जागा मोकळी ठेवा, निदान २५-३० जीबी. बाहेरची डिस्क काढून बाजूला ठेवा. अँटीव्हायरस वेगळा घेतलेला असेल तर तेवढ्यापुरता बंद करा. आणि वीज. एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात दुपारी घरोघरी कूलर, एसी लागलेले असतात, संध्याकाळी अवकाळी वारं सुटलं की लाइट गेलीच समजा. आम्ही सकाळी सातला बसलो. साधा यूपीएस डेस्कटॉपला पाच-दहा मिनिटंच पुरतो, पण लाइट येऊन-जाऊन करते तेव्हा तेवढाच मोलाचा. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून, चार्जर लावूनच सुरुवात करा.

मधे मशीन चार-पाच वेळा आपोआप बंद-चालू होते. आकडा ७२ टक्क्यांवर येऊन थांबला आणि पंचवीस मिनिटं हलला नाही. काका दोनदा म्हणाले, "अटकला वाटते, बंद करून पाहू का?" हार्ड डिस्कचा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे काम चालू होतं. जुन्या हार्ड डिस्कवर असं होतंच. एसएसडी असेल तर हेच काम पुष्कळ लवकर उरकतं. स्विचला हात न लावता आम्ही पोहे खाल्ले. अडीच तासांनी विंडोज ११ चा पडदा आला. डेस्कटॉपवर नातवाचा फोटो होता तिथेच होता.

विंडोज ११ पसंत पडली नाही किंवा प्रिंटर चालेनासा झाला, तर दहा दिवसांपर्यंत मागे जाता येतं: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी आणि तिथे 'गो बॅक'. जुनी विंडोज सीमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात ठेवलेली असते म्हणून हे जमतं. जागा अडवते म्हणून ते फोल्डर लगेच पुसू नका. पण तो बॅकअप आहे असंही समजू नका, दहा दिवसांनी विंडोज तो आपणहून काढून टाकते. त्या दहा दिवसांत घरात जे जे वापरतात ते एकदा चालवून पाहा: प्रिंट, स्कॅन, टॅली, डिजिटल सहीचं टोकन, मराठी टायपिंग.

ज्यांची मशीन विंडोज ११ ला खरंच पात्र नाही, त्यांना कुणी तरी अट चुकवून बसवायची युक्ती सांगेल. ती चालते, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही. घरच्यांच्या मशीनवर मी ती वापरत नाही. नेट, यूट्यूब, पत्रं एवढाच उपयोग असेल तर विंडोजऐवजी चालणारं लिनक्स मिंट बघा. पेनड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला हात न लावता, ते आधी वापरून पाहता येतं. बसवताना मात्र 'इरेज डिस्क' असा पर्याय येतो. त्याचा अर्थ अक्षरशः तोच, सी आणि डीसकट सगळं.

दुकानातच द्यायचं असेल तर पावतीवर लिहून घ्या: 'अपग्रेड करणे, फॉरमॅट करू नये.' आणि कॉपीची डिस्क कॉम्प्युटरसोबत दुकानात पाठवू नका.

अकराव्या दिवशी मावशीचा फोन आला. प्रिंटर चालतो, काकांचं टायपिंग सुरू झालं, वंशावळीत चुलत घराण्याची दोन नावं वाढली. मी म्हटलं, डिस्क लावून त्या फाइलीची आज पुन्हा कॉपी काढ. ती म्हणाली, "काढली रे. मोजून काढली." डिस्क आता लोखंडी कपाटात, घराच्या कागदांच्या पिशवीत असते. वर चिठ्ठी चिकटवली आहे, त्यावर तारीख आणि फाइलींचा आकडा: ३,४१४.